मामीचा जिना आणि पळपुटा ड्रायव्हर

मामा फोनवर "एक गंमत झालीय" म्हणाला की समजायचं, गंमत अजिबात झालेली नाही.

"एक गंमत झालीय, ठिणगी," शुक्रवारी सकाळी तो म्हणाला. "ड्रायव्हर परत गेला."

ठिणगी म्हणजे मी. हे नाव त्यानेच मी तीन वर्षांची असताना ठेवलं आणि मी ते आजवर इमानेइतबारे सार्थ करत आले आहे. माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, गेली अठरा वर्षं. गिऱ्हाईक येतं, काउंटरवर मशीन ठेवतं आणि म्हणतं, "मी काहीच केलं नाही हो, आपोआप बिघडलं." की झाला माझ्या अंगाचा तिळपापड. आपोआप काही होत नसतं. कुणीतरी काहीतरी केलेलं असतं आणि ते लपवायचं असतं.

पण मामाचं तसं नाही. मामा काही करतो तेव्हा ते वहीत लिहितो. पस्तीस वर्षं कारखान्यात लेथ मशीन चालवलेला माणूस, रोज सकाळी मशीनचं तेल बघायचं आणि वहीत नोंद करायची ही त्याची सवय. निवृत्त झाल्यावर तेल बघायला काही उरलं नाही, तेव्हा त्याने मामीसाठी कॉम्प्युटर बनवायला घेतला. तयार आणायचा नाही, सुटे भाग आणून स्वतः जोडायचा. भाग मी निवडले, जोडणी त्याची. जेवणाच्या टेबलावर पाच दिवस चालली होती, तोवर दोघंही ओट्याशी उभ्याउभ्या जेवत होते. प्रत्येक स्क्रू त्याने असा आवळला होता की पुढे एकदा मला झाकण उघडायचं होतं तेव्हा त्यालाच हाक मारावी लागली. पंख्यांचा आवाज मामीला नको म्हणून त्याने त्यांच्याखाली रबराच्या चकत्या कापून बसवल्या होत्या. मी आयुष्यात शेकडो मशीनं उघडली, पण असं नीटनेटकं, असं लाडाने जोडलेलं मशीन दुसरं पाहिलं नाही. हे मी त्याच्या तोंडावर कधी म्हणाले नाही. आधीच त्याची छाती फुगलेली होती.

एवढा खटाटोप मामीच्या जिन्यांसाठी. मामी नकाशे काढते. आर्किटेक्टच्या ऑफिसात तिने एकतीस वर्षं काढली आणि आता घरून काम करते. भिंती, खिडक्या कुणीही काढतं, पण जिना अवघड असला की तो मामीकडेच येतो. आता तिच्याकडे एका वाचनालयाचा गोल जिना आला होता. मंगळवारी द्यायचा होता. ऑफिसने या वेळी नकाशाच्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती घ्यायला लावली होती, आणि त्या नव्या आवृत्तीला ग्राफिक्स कार्डाचा नवा ड्रायव्हर लागत होता. ड्रायव्हर म्हणजे कार्ड आणि बाकीचं मशीन यांच्यातला दुभाषा, एवढं समजलं तरी पुरे. दुभाषा जुना असला की मामीला सपाट नकाशा दिसायचा, पण जिना चहूबाजूंनी फिरवून बघायला गेलं की पडदा काळाठिक्कर. नवा घातला की जिना भिंगरीसारखा फिरायचा.

मी नवा घातला. फिरला. मामाने टाळी वाजवली. दुसऱ्या दिवशी सकाळी ये रे माझ्या मागल्या, जुना ड्रायव्हर जागेवर हजर.

असं तीन आठवडे चाललं होतं. पहिल्यांदा मला वाटलं आपोआप होणारे अपडेट आड येतायत, ते बंद केले. मग कार्ड काढून साफ करून परत बसवलं. मग विजेची केबल बदलली. मग डिस्क तपासली. शेवटी कार्ड विकणाऱ्या माणसाला फोन करून इतकं झापलं की तो बिचारा मला "मॅडम" सोडून "ताई" म्हणायला लागला. मामा तर माझ्याकडून फोनवर शिकून स्वतःच ड्रायव्हर घालायला लागला होता. रोज सकाळी फिरून आला की आधी मशीनपाशी जायचा, ड्रायव्हरचा नंबर बघायचा आणि वहीत लिहायचा. "जुना." मग दुपारी परत नवा घालायचा. पालथ्या घड्यावर पाणी.

आणि मंगळवार जवळ येत होता. ऑफिसात नवीन आलेल्या साहेबांनी मामीला आधीच सुनावलं होतं की यावेळीही उशीर झाला तर जिने दुसरीकडे द्यावे लागतील. मामीने हे मला सहज बोलता बोलता सांगितलं होतं, पण तिच्या बाबतीत मला सहज काय आणि अवघड काय ते कळतं.

तर त्या शुक्रवारी मी दुकान दुपारीच बंद केलं आणि मामाकडे गेले. मामा दारातच वही घेऊन उभा होता. मामी आत झोपली होती. "हल्ली दुपारी डोकं दुखतं तिचं," मामा म्हणाला. मी ऐकलं आणि सोडून दिलं.

त्या दिवशी मी जे केलं ते पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. मशीन स्वतःवर काय काय झालं याची नोंद ठेवतं, मामासारखीच. गिऱ्हाइकाचं मशीन असतं तर मी पहिल्या पाच मिनिटांत ती नोंद उघडली असती, कारण गिऱ्हाईक लपवतं हे मी धरूनच चालते. पण मामाच्या घरात कुणी काही लपवत असेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तीन आठवडे मी कार्डाला, केबलला आणि त्या विकणाऱ्या बापड्याला दोष देत बसले. चोर सोडून संन्याशाला फाशी.

नोंद स्वच्छ होती. रोज सकाळी सहा वाजून पाचदहा मिनिटांनी कुणीतरी स्वतःच्या हाताने मशीन रिस्टोर करत होतं. रिस्टोर म्हणजे मशीनला सांगायचं, कालचं विसर, परवासारखं हो. आणि हे आपोआप होत नाही. त्यासाठी चार ठिकाणी बटण दाबावं लागतं आणि "नक्की ना?" असं विचारलं की "हो" म्हणावं लागतं.

सहा ते सव्वासात मामा फिरायला गेलेला असतो. घरात माणसं दोन. हिशेब सोपा होता.

शिवाय ते रिस्टोर मामीला मीच शिकवलं होतं, मशीन नवीन होतं तेव्हा. "काही बिघडलं तर घाबरायचं नाही, हे करायचं," असं म्हणून कागदावर लिहूनही दिलं होतं.

मी मामाला काही बोलले नाही. नवा ड्रायव्हर घातला, जिना फिरवून दाखवला आणि म्हणाले, "आज मी इथेच राहते." मामा खूश. पण रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मी आतून धुमसत होते. मामीला हे काम नको असेल तर तिने सरळ सांगावं! मामाने एवढ्या हौसेने मशीन बनवलं, मी दुकान बंद ठेवून खेटे घालतेय, आणि ही रोज सकाळी गुपचूप सगळ्यावर बोळा फिरवते. उद्या तोंडावर विचारायचंच, असं ठरवून झोपले.

सकाळी मामा गेल्याचा दाराचा आवाज झाला. मी थोडी थांबले आणि उठले.

मामी मशीनपुढे बसली होती. बसली होती म्हणण्यापेक्षा पडद्याला चिकटली होती. नाक आणि पडदा यांच्यात चार बोटांचं अंतर. हातात मामाचं भिंग, कारखान्यात मोजपट्टीवरच्या बारीक रेघा बघायला तो वापरायचा ते. त्या भिंगातून ती एकेक अक्षर वाचत होती, माउस हळूहळू सरकवत होती, परत वाचत होती. "नक्की ना?" आलं. तिने "हो" दाबलं.

रात्री तयार केलेलं माझं भाषण कुठल्या कुठे गेलं.

"मामी," मी म्हणाले.

ती दचकली. भिंग पटकन मांडीखाली लपवायला गेली, मग तिचं तिलाच हसू आलं. "उठलीस होय?"

"हे काय चाललंय?"

"काही नाही गं."

"मामी, भिंग?"

पडद्यावर चाक फिरत होतं. मशीन मागे चाललं होतं, अजून दहा मिनिटं तरी कुणाला काही करता येणार नव्हतं. मामी त्या चाकाकडे बघत राहिली.

"तुम्ही दोघं रोज ते नीट करता," ती म्हणाली, "आणि मला दिसेनासं होतं."

"म्हणजे?"

"आधी पांढऱ्यावर काळ्या रेघा मला छान दिसायच्या. मग पुसट झाल्या. तूच दाखवलं होतंस ना, रंग, उजेड कमीजास्त करायची जागा? मी तिथे जाऊन थोडं थोडं वाढवत गेले. तेवढं केलं की भागायचं. आता तो नवीन ड्रायव्हर आला की माझं सगळं जातं. परत सगळं फिकट. आणि ती वाढवायची जागाच आता कुठेतरी दुसरीकडे नेलीय, त्यावरची अक्षरं मुंगीएवढी. शोधून शोधून डोकं ठणकतं. म्हणून मग मागे नेते. दुपारी हे परत नवीन घालेपर्यंत तरी काम होतं."

सगळं कसं जातं ते मला ठाऊक होतं. ड्रायव्हर घालताना एक चौकट येते, जुन्या सगळ्या खुणा पुसून कोरा घालू का, असं विचारणारी. मी तिथे नेहमी बरोबरची खूण करते. करतेच. माझ्या दुकानाची ती शिस्त आहे, अर्धवट काम मला चालत नाही. मामालाही मी तसंच शिकवलं होतं. म्हणजे तीन आठवडे आम्ही दोघं मिळून, मोठ्या निष्ठेने, मामीची नजर पुसत होतो.

मशीन परत सुरू झालं. मी तिची जुनी सेटिंग उघडली. कॉन्ट्रास्ट, म्हणजे काळ्या-पांढऱ्यातला फरक, एरवी शंभरपैकी पन्नासला असतो. मामीचा अठ्ठ्याहत्तरवर होता.

"किती दिवस झाले?"

"वर्ष होईल."

"आणि डॉक्टर?"

मामी हातातलं भिंग पुसायला लागली. मग म्हणाली, "माझ्या आईचे डोळे गेले होते. तुला माहीत नाही, तू तेव्हा झाली नव्हतीस. आम्ही सगळ्यांनी मिळून तिला खुर्चीत बसवलं. हे करू नकोस, ते उचलू नकोस, तू फक्त बस. शिवण घेतलं हातातलं, निवडायचं ताट घेतलं. प्रेमानेच बसवलं गं. ती बसली ती उठलीच नाही." तिने भिंग टेबलावर ठेवलं. "तुझ्या मामाला कळलं की ते मला पाणीसुद्धा घेऊ देणार नाहीत. जिना तर लांबच राहिला. तू सांगू नकोस त्यांना."

मला खूप राग आला. तिचा नाही, स्वतःचा. दुपारी डोकं दुखतं हे मी उंबऱ्यावर ऐकलं होतं आणि मशीनची नोंद तपासायला निघून गेले होते.

"मी सांगणार नाही," मी म्हणाले, "पण त्याने विचारलं तर खोटंही बोलणार नाही. सांगायचं तर तूच सांग."

"ठिणगी तू," मामी म्हणाली, "चटका मात्र मलाच."

सव्वासातला मामा आला. चपला काढल्या, हात धुतले, वही घेतली आणि मशीनपाशी गेला. आम्ही दोघी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या. त्याने नंबर बघितला. वहीत लिहायला पेन टेकवलं आणि काही न लिहिता वही मिटली.

"गेला," तो म्हणाला. नेहमीसारखं "गंमत झाली" म्हणाला नाही. "ठिणगी, खरं सांग. माझ्या जोडणीतच खोट आहे ना? कुठेतरी माझाच हात चुकलाय. तू बोलत नाहीस एवढंच."

"नाही रे मामा."

"असू दे. मला लाज नाही वाटत. लेथवरचा हात तो, तिथे शोभतो. तू आज माझ्याबरोबर चल, दुकानातलं तयार मशीन आणू. हे विकून टाक नाहीतर भंगारात घाल. माझ्या हौसेपायी हिचं काम जायला नको. मंगळवारी जिना गेला नाही तर हिला दुसरा जिना कोण देणार?"

तो कॅबिनेटवरून हात फिरवत होता. मी मामीकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर मीच बोलून गेले असते.

"मशीनला काही झालेलं नाही," मामी म्हणाली. "तुमचा हातही चुकलेला नाही. मीच रोज मागे नेते. मला दिसत नाही, अहो."

आणि मग तिने सगळं सांगितलं, माझ्यापेक्षा कमी शब्दांत. मामा ऐकत होता. त्याने "अगं" असं दोनदा म्हटलं. मग एकदम भडकला. "आणि तशीच रस्ता ओलांडतेस? तशीच गच्चीच्या जिन्यावरून वर-खाली करतेस? मी वेडा रोज ड्रायव्हरचा नंबर बघतोय, तुझ्याकडे बघायचं राहिलं!"

"बघा, सुरू झालं," मामी मला म्हणाली. "आता खुर्ची येईल."

"कसली खुर्ची?"

तिने आईचं सांगितलं. मामा सासूबाईंचा लाडका होता, त्याला ती खुर्ची आठवत असणार.

"तुला बसवणारा मी कोण गं?" तो म्हणाला. "चाळीस वर्षांत एकदा तरी माझं ऐकून बसलीस का? मी बसवायला येईन आणि तू मलाच बाजाराला पिटाळशील." मग माझ्याकडे वळला. "घाल नवीन ड्रायव्हर. ती पुसायची खूण करू नकोस."

मी घातला. चौकट आली, ती कोरीच सोडली. नवा ड्रायव्हर बसला आणि मामीचे अठ्ठ्याहत्तर जागच्या जागी राहिले. एवढी साधी गोष्ट होती. ती वाढवायची जागा मी शोधून काढली, तिच्यावरची अक्षरं मोठी केली. मामाने स्वतःची खुर्ची ओढली, मामीला मधोमध बसवलं आणि माउस आपल्या हातात घेतला.

"अठ्ठ्याहत्तरला दिसतं?"

"दिसतं."

"खरं बोल. मी लेथवर माल मोजायचो तेव्हा 'जवळपास' चालायचं नाही."

मामीने डोळे बारीक केले. "थोडं वाढवा."

ऐंशी. पंच्याऐंशी. आम्हा दोघांच्या डोळ्यांना आता तो पडदा झोंबायला लागला होता. मामाने चष्मा काढून पुसला आणि परत लावला, पण नजर हटवली नाही. "अजून?" "अजून." अठ्ठ्याऐंशी. नव्वद.

"थांबा," मामी म्हणाली. "हं. आता दिसतंय."

एक्क्याण्णव. मामाने वहीत आकडा लिहिला, खाली तारीख घातली. बराच वेळ त्या आकड्याकडे बघत होता.

"ठिणगी, शंभरच्या पुढे काय असतं?"

मी पडद्यावरच्या पट्टीचं टोक बोटाने दाखवलं.

"पुढे काही नसतं, मामा."

मामीने त्याच्या हातातून माउस घेतला. "मंगळवारनंतर जाऊ डॉक्टरांकडे," ती म्हणाली. "आधी हे देऊ दे." आणि तिने जिना फिरवला.

पडदा काळा झाला नाही. जिना फिरत वर गेला, पायरीमागून पायरी, कठडा वळत गेला. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच ती तिचा जिना फिरताना आणि स्पष्ट, एकाच वेळी बघत होती. मामा हसला. मीही हसले. मामी हसली नाही.

तिने जिना थांबवला. थोडा मागे फिरवला. बाराव्या पायरीपाशी थांबली.

"ही आत सरकलीय," ती म्हणाली.

मी वाकून बघितलं. बारावी पायरी खरंच दोन बोटं आत होती, खालच्या पायरीशी तिची कड जुळत नव्हती. बघायला क्षुल्लक, पण उतरणाऱ्या माणसाचा पाय तिथेच चुकणार. वाचनालयाचा जिना, पुस्तकं हातात घेऊन उतरणारी माणसं, त्यात शाळेतली पोरं.

"हे मी काढलं," मामी म्हणाली. "एकतीस वर्षांत माझी एक पायरी चुकली नव्हती. हे मी मंगळवारी देणार होते."

मामाने तिच्या खांद्यावर हात ठेवला. मामी रडेल असं मला वाटलं. पण मामी रडली नाही.

"मंगळवारनंतर नाही," ती म्हणाली. "आजच बघा कुणी डॉक्टर मिळतात का. आत्ता फोन करा."

मामा फोन घ्यायला उठला. मामीने शेजारची रिकामी खुर्ची माझ्याकडे ढकलली.

"आणि तू इथे बस. मी पायरी बाहेर ओढते, कड जुळली की सांग. बघून सांग गं, मला बरं वाटावं म्हणून नको."